तिथीची पाऊणकी

फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव
पौष वद्य तृतीया

चि. सौ. ताई हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही कोकणात आंजर्ल्याला समुद्राकाठी होतो तेव्हा तुझे फोन रोज येत होते आणि प्रत्येक वेळी मी ‘सगळे छान आहे’ एवढेच सांगत होतो. त्यामुळे नानांना तिकडे आवडले की नाही हे काही केल्या कळत नाही, अशी तक्रार तू काल आईजवळ केलीस. फोनवर मला बोलता येत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात तू, जावईबापू आणि नातू त्याच गावी जाण्याचे ठरवीत आहात आणि तेथे काय काय पाहायचे याची यादी तू मागितली आहेस. यादी करण्याऐवजी आमचे दिवस कसे गेले ते लिहितो, म्हणजे मी यादी का देत नाही हेही त्यात येईल.

तू तिकिटे काढून पाठवलीस तेव्हा मी रागावलो होतो, हे आता कबूल करतो. पौष महिना म्हणजे आपल्याकडे थंडी ऐन भरात असते, केळीला चरका बसण्याचे हेच दिवस, पारा दहाच्या खाली गेला की नवे पान पोग्यातच अडकून राहते आणि निसवलेल्या बागेत घड बाहेर पडताना घुसमटतो. अशा वेळी रात्री पाणी द्यावे, बांधावर ओला-सुका पाला पेटवून धूर करावा, हे मी गेली तीस वर्षे करत आलो आहे. आणि शेतीची वीज रात्रपाळीची असली की बारा वाजता उठून मोटार चालू करणे आलेच. अशा दिवसांत बाग सोडून समुद्र पाहायला जाणे मला निव्वळ चैनीचे वाटत होते. आपल्या घरात प्रवास म्हणजे एक तर लग्नकार्य, नाही तर देवदर्शन, आणि दर्शनालाही सकाळी निघून रात्री परत येण्याची घाई. तुझ्या काकाने कांदेबागेची, म्हणजे पावसाळा सरल्यावर लावलेल्या केळीची, जबाबदारी अंगावर घेतली, सालदारानेही ‘तुम्ही जाच’ असे सांगितले, तेव्हा मी निघालो. खरे म्हणजे दोघांनाही मी दोन दिवस नजरेआड व्हायला हवा होतो, असा मला आजही संशय आहे.

जळगावहून रात्रीच्या गाडीने ठाणे, तेथून कोकण रेल्वेने खेड, खेडहून एसटीने दापोली आणि दापोलीहून पुन्हा एसटीने आंजर्ले, असा प्रवास झाला. तुझ्या आईने दोन स्वेटर, कानटोपी, घोंगडी, कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि भरिताची तीन किलो वांगी बरोबर घेतली होती. स्वेटर पिशवीतून निघालेच नाहीत, वांग्यांचे काय झाले ते पुढे सांगतो. गाडी घाट उतरू लागली तशी हवा हलकेच ओलसर होत गेली आणि आंजर्ल्याला पोचल्यावर अंगातला सदरा पुरे झाला. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते आणि सावकाशच निवते, म्हणून समुद्राकाठी थंडीचा कडाका जाणवत नाही, हे शाळेत शिकलो होतो. पण आदल्या पहाटे शेकोटीजवळून उठून दुसऱ्या रात्री पंखा लावून झोपल्यावर त्या वाक्याचा अर्थ कळला.

आम्ही उतरलो ते घर नारळी-पोफळीच्या आगरात आहे. रस्त्यावरून जांभ्या दगडाची पाखाडी उतरत आत जाते, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मग शेणाने सारवलेले अंगण. तेथे त्याला खळे म्हणतात. घरच्या वहिनींनी ‘खळ्यात बसा, चहा आणते’ असे म्हटल्यावर तुझी आई मळणीचे खळे शोधू लागली, कारण आपल्याकडे खळे म्हणजे दुसरेच काही. त्या खळ्यात सोललेली नव्हे, तर सालीसकट पिवळी-केशरी सुपारी वाळत घातली होती. ती महिना-दीड महिना उन्हात राहते आणि मग सोलतात. आगराच्या मागच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, बाहेर पडले की सुरूची झाडे आणि झाडे संपली की पुळण. वाळूच्या किनाऱ्याला तिकडे पुळण म्हणतात. हा शब्द मला फार आवडला.

आम्ही पोचलो तो दशमीचा दिवस. सूर्य बुडायच्या सुमारास आम्ही दोघे सुरूच्या रांगेपाशी गेलो तेव्हा पाणी जवळजवळ झाडांच्या दिशेने चालून येत होते. तुझ्या आईने माझा दंड धरला. आपल्या तापीचा पूर आपण पाहिला आहे, पण पूर एका दिशेने जातो. हे पाणी मात्र येई, थांबे, मागे जाई आणि पुन्हा थोडे पुढे येई. मनात आले की तापी सुरतेपाशी ज्याला मिळते तो हाच अरबी समुद्र. मुलताईहून निघून सातशेहून अधिक किलोमीटर जाऊन आपल्या शेताजवळचे पाणी शेवटी यातच येते. हे मी तुझ्या आईला सांगितले, तर ती म्हणाली की ते पाणी सगळे खारट करण्यापेक्षा दोन दिवस आपल्या विहिरीत थांबले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेलो आणि दुपारी जेवण उरकून गेलो तेव्हा समुद्र जागेवर नव्हता. काल जेथे उभे राहवत नव्हते तेथून शंभर-दीडशे पावले ओली, घट्ट वाळू उघडी पडली होती. मी घरमालकांना विचारले की भरती-ओहोटीचे वेळापत्रक कोठे मिळते. ते म्हणाले, “तुम्ही शेतकरी ना? मग तिथी पाठ असणारच. तिथीची पाऊणकी करा, की भरतीची वेळ आली.”

ताई, तुमच्या पिढीला पाऊणकी ठाऊक नाही. आम्हाला आजोबांनी संध्याकाळी ओसरीवर बसवून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी सगळी पाठ करून घेतली होती. एक पाऊणे पाऊण, दोन पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन, चार पाऊणे तीन, असे तोंडाने म्हणत मी मोठा झालो आणि शेर-पायली गेल्यावर त्या पाठांतराचा कधी काही उपयोग होईल असे मला वाटले नव्हते. रीत अशी आहे की जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी; जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. दशमीला दहा पाऊणे साडेसात, म्हणून आम्ही गेलो तेव्हा पाणी अंगावर येत होते. एकादशीला सव्वाआठ. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे एकादशीच्या दुपारी अडीचच्या सुमारास. आम्ही उघडी पुळण पाहिली ती नेमकी तेव्हा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून तीच मोजणी सुरू होते. यामागचे कारणही सरळ आहे. भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या ओढीने होते, चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागून तितकीच उशिरा येते. पाऊणकी पंचेचाळीस मिनिटे धरते, म्हणून ती अंदाजाची आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते म्हणून पाणी खूप वर चढते आणि खूप दूर जाते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ते धड चढत नाही की धड उतरत नाही, त्याला भांग म्हणतात. आपण अमावास्येला औत धरत नाही आणि पौर्णिमेला पूजा घालतो, पण तिथीला इतके रोकडे काम असते हे मला साठी उलटल्यावर समजले. त्या दिवसापासून मी घड्याळाऐवजी पंचांग पाहून पुळणीवर जात होतो, आणि आई मला हसत होती.

ती एकादशी पुत्रदा एकादशी होती. आमच्या पोटी कन्या आहे आणि तिनेच आम्हाला येथे धाडले आहे, असे तुझ्या आईने वहिनींना मोठ्या अभिमानाने सांगितले. उपासाला काय करू, असे वहिनींनी विचारल्यावर आई म्हणाली की भगर चालेल. त्या घरात भगर कोणाला समजेना. बराच वेळ खाणाखुणा झाल्यावर आमची भगर म्हणजे त्यांचे वऱ्याचे तांदूळ असे निघाले. शेंगदाण्याच्या आमटीऐवजी त्यांनी ओल्या नारळाच्या रसात भिजलेली गोडसर भाजी दिली. तिकडे सगळीकडे नारळ. आपण जेथे शेंगदाण्याचे कूट घालतो तेथे ते खोबरे घालतात, आणि तिखट इतके बेताचे की मी पहिल्या दिवशी चटणीची पुडी खिशात ठेवूनच जेवायला बसलो. मात्र नारळाच्या रसाबरोबरचे घावन आणि कडव्या वालाची उसळ यांच्याबद्दल मला काहीच तक्रार करता आली नाही. तिन्ही त्रिकाळ भात खाण्याची सवय नसेल तर भाकरी सांगून ठेवावी, त्या तांदळाच्या करून देतात.

आता वांगी. ती परत घेऊन जायची नाहीत असे आईने ठरवले होते. आपण भरिताची वांगी तुराट्यांवर किंवा पऱ्हाट्यांवर भाजतो. तेथे ना तूर, ना कपाशी. वहिनींनी नारळाची सोडणे आणि वाळक्या झावळ्या आणून दिल्या. द्वादशीला उपास सोडायचा होताच. सोडणाचा जाळ सुरुवातीला भडकतो आणि मग निखारा धरून राहतो, त्यामुळे वांगी बाहेरून करपण्याआधी आतून शिजली आणि त्यांना एक निराळाच खरपूस वास आला. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात असे सगळे आईने आपल्या हाताने केले. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे मी तेथे सांगितले, पण ऐकायला कोणी रिकामे नव्हते. घरमालकांनी कळण्याची भाकरी दोनदा मागून घेतली आणि नंतर तांब्याभर पाणी प्याले. मिरची आईने जरा आपल्या मापाने घातली होती.

त्यांच्या आगरात मी रोज तासभर बसत असे. केळी तिकडेही आहे, पण आपल्यासारखी पाच बाय पाच फुटांवर ओळीने लावलेली नाही. आपल्या एकरात सतराशे खोडे, प्रत्येकाला ठिबकची नळी, खताचा हिशेब आणि घड कधी कापायचा याची चिंता. तिकडे पोफळींच्या सावलीत चार खोडे इथे, दोन तिथे, वेलची केळीची. घड पिकला की घरातले खातात, शेजारी देतात. पाहताक्षणी मी मनात त्या जागेत किती खोडे बसतील याचा हिशेब करू लागलो आणि मग मला माझेच हसू आले. विहीर जेमतेम वीस फुटांची, समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाणी गोड. यावल-रावेरकडे आपण शेकडो फूट खाली बोअर नेतो आणि तरी उन्हाळ्यात धार बारीक होते. तिकडे पावसाचे गोड पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते; मोठी मोटार लावून ते बेसुमार उपसले तर खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर कायमची वाया जाते. म्हणून ते रोज मोजकेच शिंपतात. दापोलीकडे वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपल्याकडे सातशेच्या घरात. तरीही पाण्याला हात आखडता घ्यावा लागतो तो त्यांना. हापूसला नुकताच मोहोर आला होता. थंडी बरी पडली तर मोहोर चांगला येतो, म्हणून तेथे सगळे थंडी वाढावी म्हणून देवाला विनवीत होते आणि मी त्याच वेळी आपल्या केळीसाठी ती कमी व्हावी म्हणून. देवाने कोणाचे ऐकले ते हापूस बाजारात आल्यावर कळेल.

कड्यावरच्या गणपतीला द्वादशीच्या सकाळी चढून गेलो. उजव्या सोंडेची मूर्ती आहे. देऊळ पूर्वी खाली समुद्रकाठी होते, पाणी चढू लागले तेव्हा देव वर कड्यावर गेला आणि जाताना एक पाऊल खडकावर ठेवले, अशी तेथली कथा आहे. ते पाऊल दाखवतात. देवळाजवळून खाली माडांच्या शेंड्यांचे रान, जोग नदीची खाडी आणि लांब पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. १७५५ साली तुळाजी आंग्र्यांकडून तो किल्ला घेण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांच्या आरमाराची मदत घेतली होती. आपापसातले भांडण मिटवायला बाहेरच्याला बोलावले की पुढे काय होते ते वेगळे सांगायला नको, पण किल्ला दिसतो फार देखणा.

खाडीच्या तोंडाशी पांढऱ्या-करड्या पक्ष्यांचा थवा वाळूवर बसलेला असे. ते कुरव, हिवाळ्यात उत्तरेकडून येतात आणि उन्हाळ्याआधी परत जातात. आपल्या हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात परदेशी बदके उतरतात हे मी इतकी वर्षे नुसते ऐकत होतो. भुसावळला जाताना वाट वाकडी करून एकदाही पाहिली नाहीत. ती आता या महिन्यातच पाहणार आहे. ओहोटीच्या वेळी वाळूवर बारीक खेकडे बिळांभोवती वाळूच्या राईएवढ्या गोळ्या मांडून ठेवतात. त्यांची नक्षी इतकी रेखीव असते की आईला पाय टाकवेना. तिने त्याला ‘खेकडीणबाईची रांगोळी’ असे नाव दिले. पुढच्या भरतीत ती पुसते आणि पुन्हा मांडली जाते. नातू तेथे दोन तास सहज बसेल. त्याला उठवू नकोस.

पुळणीच्या वरच्या अंगाला जाळीचे कुंपण घातलेला एक चौकोन आहे आणि आत काठ्यांवर तारखा लिहिलेल्या आहेत. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री समुद्री कासविणी वाळूत अंडी घालायला येतात, एका खड्ड्यात शंभराच्या आसपास. कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचवण्यासाठी गावातली मंडळी ती अंडी जपून उचलतात आणि त्या कुंपणात तितक्याच खोल खड्ड्यात पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिले वर येतात आणि मग त्यांना सकाळी किंवा संध्याकाळी समुद्राकडे सोडतात. तेथल्या मुलाने मला सांगितले की वाळू जास्त उबदार राहिली तर माद्या अधिक निपजतात आणि थंड राहिली तर नर. जमिनीच्या उबेवर उगवण अवलंबून असते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, पण मुलगा की मुलगी हेही मातीच ठरवते हे ऐकून मी त्याच्याकडे दोनदा खात्री करून घेतली. आम्हाला पिले दिसली नाहीत. तुम्हालाही जानेवारी-फेब्रुवारीच्या संधिकाळात दिसतीलच असे नाही. नातवाला पिले दाखवायचीच असतील तर फेब्रुवारी संपत आल्यावर किंवा मार्चमध्ये जा आणि आधी गावात विचारून घ्या.

शनिवारी गावात गाड्या वाढल्या. एक मोठी गाडी तीन-चारच्या सुमारास थेट पुळणीवर उतरली, कारण द्वादशीला नऊला भरती, म्हणजे तीन वाजता ओहोटी, आणि घट्ट वाळूवर गाडी पळवायला मोकळे मैदान मिळाले होते. मुले उतरून पोहायला गेली आणि गाडी उभ्या उभ्या मागच्या चाकांनी खाली बसली. पाच वाजून गेल्यावर पाणी चाकांपर्यंत आले, तेव्हा त्यांची धावाधाव सुरू झाली. गावातल्या मुलांनी दोर आणला, एक ट्रॅक्टर आला आणि अंधार पडता पडता गाडी निघाली. निघाल्यावर आभार मानण्याआधी मालकाने गाडीला ओरखडा पडला म्हणून कुरकुर केली. पाऊणकी माहीत असती तर एवढे झाले नसते, असे मी पुटपुटलो. पण खरे दुःख त्याचे नाही. जेथे कासविणी रात्री येणार तेथेच त्या चाकांच्या चऱ्या पडल्या होत्या. जावईबापूंना म्हणावे, गाडी आगराच्या दारात लावा.

रविवारी पूल ओलांडून हर्णैला गेलो. आपण माळकरी, म्हणून आईचा विरोध होता. मी मात्र लिलाव पाहायचाच म्हणून गेलो आणि शेवटी तीही आली, पदर नाकाला लावून. तेथे मी जे पाहिले ते या साऱ्या प्रवासात माझ्या मनात अधिक रुतले आहे. होड्या उथळ पाण्यात थांबतात आणि बैलगाड्या सरळ समुद्रात जातात. बैलांच्या छातीपर्यंत पाणी, वर माशांच्या टोपल्या. आपल्या बैलांना पोळ्याला नदीवर धुवायला नेताना किती मिनतवाऱ्या कराव्या लागत, आणि हे बैल लाटेला अंग देऊन शांत उभे होते. गाडी काठावर आली की वाळूवरच ढीग पडतो, भोवती माणसे जमतात, बोली लागते, दोन मिनिटांत सौदा मिटतो आणि पैसे किती ठरले ते माल पकडणाऱ्याच्या समोर ठरते. भाव कमी मिळाला तर तोही कष्टी होतोच. पण आपल्या केळीचा भाव कोणीतरी कोठेतरी ठरवून सांगतो आणि आपण घड कापून गाडीची वाट पाहत बसतो, त्यापेक्षा हा प्रकार मला अधिक सरळ वाटला. आईने नाकावरचा पदर कधी काढला ते मला कळले नाही. ती एका कोळणीजवळ बसून तिच्या हातातल्या बांगड्यांची चौकशी करत होती.

परतीच्या दिवशी दापोलीहून रिक्षा करून पालगडला थांबून मग खेड गाठले. साने गुरुजींचा जन्म पालगडचा, १८९९ सालचा, आणि नोकरी आपल्या अमळनेरची. १९३६ साली आपल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले, तेव्हा गुरुजी त्यासाठी खानदेशातली गावे पायाखाली घालत होते असे तुझे पणजोबा सांगत. त्या दमट, लाल मातीच्या उतारावरचा मुलगा आपल्या काळ्या मातीत येऊन येथल्या माणसांत इतका मिसळून गेला. मी उलट दिशेने गेलो, तेही चार दिवस, आणि तिसऱ्या दिवशी मला घराची आठवण येऊ लागली होती, हे तुला लपवून काय करू?

संक्रांतीच्या पहाटे घरी पोचलो. केळीला चरका बसला नव्हता. काका आणि सालदाराने दोन रात्री धूर केला होता आणि मी असतो तर याहून काही वेगळे केले नसते.

आता तू विचारलेल्या यादीबद्दल. मुरूड, कर्दे, केळशी, वेळास, दाभोळ अशी नावे लोक एका दमात सांगतात आणि दोन दिवसांत सगळी ‘करून’ येतात. तू तसे करू नकोस. तुम्हाला सुट्टी मोजून तीन दिवसांची आहे. त्यातला अर्धा वेळ गाडीत घालवला तर नातवाला समुद्र आठवणार नाही, रस्त्यावरची वळणे आठवतील. एकाच आगरात राहा, जेवणाची वेळ वहिनींना विचारून ठरवा आणि पाण्यात उतरण्याआधी घरमालकांना जागा दाखवायला सांगा. ओहोटीला आत जाऊ नका, तेव्हा पाणी माणसालाही आत ओढते. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तेव्हा पुळण शांत असते. दुपारनंतर खारा वारा सुरू झाला की टोपी सांभाळा. उन्हात नातवाला टोपीशिवाय सोडू नकोस, हिवाळा असला तरी वाळू डोळ्यांवर तळपते.

तू कळवलेले दिवस माघी चतुर्थीच्या आसपासचे आहेत. चतुर्थीला गणेशजयंती, तेव्हा कड्यावरच्या देवळात गर्दी असेल; दर्शन आदल्या दिवशी उरका. तृतीयेला तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती आणि सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता भरती, नऊला ओहोटी. पंचमीला पावणेचारला भरती आणि सकाळी दहाच्या आत-बाहेर ओहोटी. तेव्हा रांगोळी घालणारे खेकडे पाहायचे असतील तर तिन्ही दिवस न्याहारी करून लगेच निघा. संध्याकाळवर ठेवू नका. अष्टमी जवळ येत जाईल तसे पाणी कमी कमी दूर जाईल, पण नातवाला तेवढे पुरे होईल.

आईने बरोबर देण्यासाठी कळण्याचे पीठ दळून ठेवले आहे आणि वहिनींसाठी तिळगुळाचा डबा. त्यांनी आम्हाला दिलेल्या वेलची केळीचे दोन कोंब मी विहिरीजवळ लावले आहेत. सालदार म्हणतो की ही केळी बाजारात कोणी घेणार नाही.

जावईबापूंना नमस्कार, नातवाला गोड पापा.

तुझे
नाना